चौथ्या गाण्यातली नजीरा

१

रोज सकाळी आमच्या घरात एकच नाटक होतं. नजीरा डबा भरते, ओढणी सारखी करते, चपला पायात सरकवते, दारात थांबून "जातो नि येतो" म्हणते आणि जिना उतरते. कोल्हापुरात मंगळवार पेठेत आम्ही दुसऱ्या मजल्यावर राहतो. जिना लाकडी आहे, पाय पडला की बोलतो. तिची पावलं रस्त्यावर पोचेपर्यंत मी अंथरुणात पडून ऐकतो, मग उठून उरलेला चहा गरम करतो. लग्नाला वीस वर्षं होत आली, यात बदल नाही. ती एसटीनं हुपरीला जाते, तिच्या भावाच्या घरी. तिथं पुढच्या खोलीतच पैंजणांचं काम चालतं, नजीरा घुंगरं जोडते. संध्याकाळी परत. मूलबाळ झालं नाही. दोन खोल्या, ती आणि मी.

बाहेरगावच्या लोकांसाठी सांगून ठेवतो. आमच्याकडं बायका 'जाते' म्हणत नाहीत, 'जातो' म्हणतात. त्यात हसण्यासारखं काही नाही.

मी कामिल. ऑर्केस्ट्रात गातो. हळदी, वाढदिवस, गणपती मंडळं, नगरसेवकाच्या पोराचं बारसं, सगळीकडं दुसऱ्यांची गाणी गाऊन झाली. या धंद्यात गळा जातो तो जातोच, पण एक वाईट सवय लागते, कापायची. जेवणाच्या पंगतीकडनं कुणी हात केला की दुसरा अंतरा कापायचा. पाऊस भुरभुरला की आलाप कापायचा. कुठं काय बसत नाही ते ऐकणाऱ्याला कळायच्या आत उडवायचं, यात माझा हात धरणारा कोल्हापुरात कुणी नाही. मला याचा अभिमान होता.

चाळिशी उलटल्यावर, लोक गाणं सोडून दुकान काढतात त्या वयात, मी माझा पहिला अल्बम केला. शब्द माझे, चाली माझ्या, आवाज माझा. नाव ठेवलं 'दोन खोल्या'.

२

आतल्या खोलीत भिंतींना गाद्या उभ्या केल्या, पंखा बंद केला आणि घामाच्या धारांत आठ गाणी रेकॉर्ड केली. सोबत संघर्ष नावाचा पोरगा होता. तो आमच्या ऑर्केस्ट्रात ऑक्टोपॅड वाजवतो आणि कॉम्प्युटरवर मिक्सिंग करतो. माझ्यापेक्षा वयानं लहान, पण बोलायला लागला की माझा आजोबा.

चौथ्या गाण्याचं नाव 'सकाळ'. साधं गाणं आहे. "खोल्या दोनच हायत, पण अंतर लई हाय, तू बोल काहीतरी, शांतता लई हाय." शेवटच्या कडव्याआधी सगळी वाद्यं थांबतात, चार मात्रा रिकाम्या जातात. त्या रिकाम्या जागेत काय घालावं ते सुचत नव्हतं. एका सकाळी माईक चुकून चालू राहिला आणि त्यात नजीरा आली. दारातनं, थोडी लांबून, डबा हातात घेतलेली, नेहमीचं म्हणताना. संघर्ष ऐकून म्हणाला, दादा, हे सोनं हाय, हात लावू नकोस.

पण मी हात लावला. "जातो नि येतो" चार मात्रांत बसत नव्हतं, शेवट पुढच्या कडव्यावर सांडत होता. मी ते 'जातो' वर कापलं. छान बसलं. नुसतं "जातो", मग तिची पावलं जिन्यावरनं उतरत जातात, आणि मग माझं कडवं. ऐकताना माझ्याच अंगावर काटा आला. नजीराला ऐकवलं तर ती म्हणाली, माझा आवाज असला चिरका हाय व्हय. आणि भाकरी थापायला गेली.

३

अल्बम नेटवर चढवला, पण आठपैकी सात गाणी कुणी ऐकली नाहीत. हे मी रागानं सांगत नाही, आता राग धरायचंही त्राण नाही. लोकांनी 'सकाळ' उचललं आणि त्यातही माझं गाणं नाही, ती चार मात्रांची जागा उचलली. पोरापोरींनी त्यावर रिळं केली. सुट्टी संपवून निघालेला फौजी वळून बघतो आणि नजीरा म्हणते, "जातो". कॉलेजचा शेवटचा दिवस, "जातो". नवरी गाडीत बसते, "जातो". कुणी तर कारखान्याला निघालेल्या उसाच्या ट्रॅक्टरला लावलं. पुण्याच्या एका समीक्षकानं लिहिलं की या अल्बमचा आत्मा त्यातल्या एका शब्दात आहे. माझं नाव त्यात तिसऱ्या परिच्छेदात आलं.

तरी मी खूश होतो, खोटं कशाला बोलू. चहाच्या टपरीवर गेलो तर शेजारच्याच्या खिशात माझं गाणं वाजायचं. वीस वर्षं मी दुसऱ्यांची गाणी गात होतो, आता दुसरे माझं वाजवत होते.

अशात एका संध्याकाळी मी बाहेरच्या खोलीत तंबोऱ्याच्या मशीनची वायर जोडत बसलो होतो. दार माझ्या समोर, उघडं. मान वर केली तर आतल्या खोलीत नजीरा हातपाय धूत होती. कधी आलीस म्हणून विचारलं तर म्हणाली, आत्ताच की. मी दारासमोर बसलो होतो. जिना वाजला नव्हता. त्या जिन्यावरनं मांजर चढलं तरी मला कळतं.

असतं एकेकदा ध्यान दुसरीकडं, असं म्हणून मी सोडून दिलं. पण दुसऱ्या दिवशी मुद्दाम ऐकत बसलो. सकाळी ती उतरली ते ऐकलं. संध्याकाळी ती घरात होती. चढल्याचं ऐकलं नाही.

४

पुढं पुढं उलटं व्हायला लागलं. नजीरा सुट्टीच्या दिवशी आत बसून लसूण सोलत असायची आणि दारातनं आवाज यायचा, "जातो". मग पावलं. जिन्याच्या वरच्या पायरीपासनं खालच्यापर्यंत, नेहमीच्या चालीनं, तिसऱ्या पायरीवर थोडं अडखळून. ती पायरी ढिली आहे, तिथं ती कायम अडखळते.

मी स्वतःला समजावलं. गाणं गल्लीभर वाजतंय, कुणाच्या तरी खिडकीतनं येत असणार. पावलंही गाण्यातच आहेत. पण गाण्यात पावलांनंतर माझं कडवं येतं. इथं कडवं येत नव्हतं. पावलं रस्त्याला लागायची आणि शांतता व्हायची. मी कानाच्या डॉक्टरकडं जाऊन आलो. त्यांनी यंत्र लावून तपासलं आणि म्हणाले, एवढी वर्षं स्पीकरच्या भिंतीपुढं उभं राहून तुमचे कान शाबूत आहेत याचंच मला नवल वाटतं.

तळमजल्यावर तानाबाई राहतात. दिवसभर दारात सूप घेऊन काहीतरी पाखडत, निवडत बसतात. गल्लीत कोण आलं, कोण गेलं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नाही. त्यांनी मला हटकलं. बायकोशी भांडलास काय, असं विचारलं. न्हाई म्हटल्यावर म्हणाल्या, "मग ती सकाळधरनं नुसती उतरतीया कशाला? मघाशी गेली, परत गेली, आत्ता परत गेली. वर कवा चढती ती?"

मी हसलो. वर जाऊन बघितलं तर नजीरा पलंगावर बसून पाय चोळत होती. ती म्हणाली, आज कुठं गेलो न्हाई, तरी पाय लई दुखाय लागल्यात. दाराजवळ तिच्या चपला होत्या. बकरी ईदला घेतलेल्या नव्या चपला. उचलून बघितल्या तर टाचेला आरपार भोक पडलं होतं.

५

त्यानंतर ओळखीचे लोक सांगायला लागले. आमचा ढोलकीवाला आजऱ्याला काजूच्या कारखान्यात हिशेब बघतो, त्याचा फोन आला, वहिनी इकडं कशा, स्टँडवरनं चालत निघाल्या होत्या, हाक मारली तर वळल्या न्हाईत. त्या दिवशी नजीरा घरात तापानं पडली होती. दुसऱ्यानं गडहिंग्लजच्या रस्त्याला बघितलं. माझ्या चुलत बहिणीनं साताऱ्यात बघितलं. सगळ्यांचं एकच, पाठमोरी होती, निघाली होती. तोंड कुणीच बघितलं नव्हतं.

मी म्हणायचो, पाठीवरनं काय, कोल्हापूर जिल्ह्यात तशा ओढणीच्या हजार बायका असतील. हे म्हणताना मला बरं वाटायचं. रात्री तिच्या अंगावर हात टाकला की बरं वाटायचं नाही. ती होती, पण अंथरुणाच्या कडेला, उठायच्या बेतात असल्यासारखी. विचारलं तर म्हणायची, काय की, सारखं कुठंतरी निघालोय असं वाटतंय, पोचतच न्हाई कुठं.

माझी बायको थोडी थोडी करून घरातनं चालली आहे, हे मला तेव्हा पहिल्यांदा स्पष्ट कळलं. पहिल्यांदाच मला खरी भीती वाटली. अल्बम गेला असता तर मी परत हळदीत गायला लागलो असतो. नजीरा गेली तर मला काहीच करता येत नाही, साधी भाकरीसुद्धा.

६

हुपरीला गेलो. नजीराचा भाऊ मौला पैंजणाला डाग देत, सांधे जोडत बसला होता. आत गॅसची फुरफुर आणि ठोकल्याचे बारीक आवाज. तिचा बसायचा पाट रिकामा होता. ती कुठं आहे विचारलं तर मौलानं मान वर केली. म्हणाला, येते रोज, पण बसत न्हाई. आल्या आल्या उठते, जातो म्हणते आणि निघते. त्यानं हातातला चिमटा खाली ठेवला.

"दाजी, तुमचं गाणं ऐकलं मी," तो म्हणाला. "सगळी नावाजत्यात. पण आमच्या घरातनं आजवर कुणी नुसतं 'जातो' म्हणून भाईर पडलं न्हाई. अब्बा दवाखान्यात न्यायच्या येळंला सुदिक येतो म्हणून गेलते. तिचं 'येतो' कुठं हाय?"

मी सांगितलं, बसत नव्हतं. तालात बसत नव्हतं.

मौलानं चिमटा परत उचलला. मग परत डाग द्यायला लागला. त्याला मला शिवी द्यायची होती, पण बहिणीच्या नवऱ्याला कशी द्यायची म्हणून त्यानं दिली नाही. दिली असती तर बरं झालं असतं. परत येताना एसटीत एका पोरीच्या मोबाईलवर गाणं वाजत होतं. मी कानात बोटं घातली. शेजारची म्हातारी मला म्हणाली, पावणं, कान दुखतोय व्हय.

७

संघर्षला बोलावलं. त्याला सगळं सांगितलं नाही, एवढंच म्हटलं की मला ते वाक्य पुरं करायचं आहे, जुनं गाणं उतरवून नवं चढवायचं आहे. तो चिडला. लोकांना हेच आवडलंय, तुझं डोकं फिरलंय काय, म्हणाला. मी हट्ट धरला. मूळ रेकॉर्डिंग शोधलं तर ते नव्हतंच. मी कापलेल्यावरच सेव्ह केलं होतं. 'नि येतो' जगात कुठंच शिल्लक नव्हतं.

मग नजीराला माईकसमोर बसवलं. दुपार होती, खिडकीतनं ऊन आत आलं होतं, गल्लीत कुणीतरी भांडी घासत होतं. मी तिला म्हटलं, रोज म्हणतेस तसं म्हण. ती म्हणाली, "जातो". आणि थांबली. मी म्हटलं, पुढचं. ती म्हणाली, "जातो". तिचं तोंड उघडं राहिलं, ओठ हलले, आवाज नाही. पुन्हा, पुन्हा.

"म्हणतोय की मी," ती रडकुंडीला आली. "तुमाला ऐकाय येईना व्हय?"

संघर्षनं हेडफोन कानाला लावला होता. त्याचा चेहरा उतरला. त्यानं तो काढून मला दिला. रेकॉर्डिंगमध्ये तिचं "जातो" होतं, आणि त्यानंतर पावलं. जिना उतरणारी, तिसऱ्या पायरीवर अडखळणारी. नजीरा आमच्या दोघांच्या मधे मोडक्या खुर्चीत बसली होती, पाय वर घेऊन, अनवाणी. ती हललीसुद्धा नव्हती. जितक्या वेळा तिनं म्हटलं होतं, तितक्या वेळा कुणीतरी जिना उतरून गेलं होतं.

संघर्ष मशीन तिथंच सोडून निघाला. जाताना दारात "येतो" म्हणाला, मोठ्यांदा, दोनदा.

८

मी गाणं उतरवलं. काही उपयोग झाला नाही. ते आता माझ्याकडं नव्हतंच, ज्याच्या त्याच्या मोबाईलमध्ये होतं. आणि लोक ते आता मेलेल्यांना लावायला लागले होते. कुणी वारलं की फोटो, फोटोला हार, खाली भावपूर्ण श्रद्धांजली आणि मागं माझ्या बायकोचा आवाज. सकाळी मोबाईल उघडावा तर ओळखीतला कुणीतरी फोटोतनं बघतोय आणि नजीरा म्हणतेय, "जातो". मी स्टेटस बघायचं बंद केलं.

ती दिवसेंदिवस विरत चालली. वाक्य अर्धं सोडायची. चहा ठेवतो म्हणायची आणि ओट्यापर्यंत पोचायची नाही. ताटात वाढलेलं तसंच. मी कामं घेणं बंद केलं, दाराला आतनं कुलूप लावलं, किल्ली खिशात ठेवली. तानाबाई खालनं ओरडून सांगायच्या, ती बघ, परत गेली.

एकदा मला राहवलं नाही. आवाज झाला, "जातो", आणि पहिल्या पायरीवर पाय पडल्याबरोबर मी कुलूप काढून दार उघडलं. भर दुपार होती, जिन्याच्या झरोक्यातनं उजेड येत होता. वळणावर ती होती. पाठमोरी, तीच ओढणी, एका हातात डबा. अंग सगळं खांद्यातनं गळालेलं, मैलोन्‌मैल चालून आलेल्या माणसाचं असतं तसं. ती वळण उतरून गेली. मी कठड्यावरनं वाकून खाली बघितलं. खालच्या वळणावर आणखी एक पाठ होती. तिच्या पुढं, दारातनं रस्त्यावर निघालेली, आणखी एक.

मागं खोलीतनं नजीरानं विचारलं, कोण हाय. मी म्हटलं, कुणी न्हाई. दार लावून घेतलं आणि तिच्या शेजारी जाऊन बसलो. तिचा हात हातात घेतला तर तो इतका हलका लागला की मी हुंदके देऊन रडलो. तिनं मला गप्प केलं नाही. तिला तेवढं त्राण नव्हतं.

९

एका मोठ्या सभागृहात माझा कार्यक्रम आधीच ठरला होता. मी नाही म्हणून सांगणार होतो, मग डोक्यात आलं की गाणं माझ्या हातात नसलं तरी लोक माझ्यापुढं असतील. तानाबाईंना वर नजीराजवळ बसवलं आणि गेलो.

संध्याकाळी सभागृह खच्चून भरलं होतं. सात गाणी लोकांनी चुळबुळत ऐकून घेतली. 'सकाळ' सुरू झालं आणि सगळे उठून उभे राहिले, मोबाईल वर. ती रिकामी जागा आली. वाद्यं थांबली. सगळं सभागृह तोंड उघडायच्या बेतात होतं, तेवढ्यात मी दोन्ही हात वर केले.

"थांबा," मी म्हटलं. "आज पुरं म्हणायचं. जातो नि येतो. अर्धं कुणी सोडायचं न्हाई. तुमच्या घरातनं कोण असं अर्धं म्हणून जातंय काय?"

कोल्हापूरची माणसं. एकदा सांगितलं की मागं हटत नाहीत. पहिल्यांदा जरा विस्कळीत झालं. मी परत घ्यायला लावलं. मग सगळ्यांनी एका दमात म्हटलं, जातो नि येतो. माझं समाधान होईना. नुसतं येतो म्हणा म्हटलं. येतो. आणखी मोठ्यांदा. येतो. माझा गळा फुटला, मी रडत होतो, लोकांना वाटलं कलाकार भावुक झाला. ते आणखी जोरात ओरडले. छत हाललं असेल. एवढ्या लोकांनी माझ्या बायकोच्या वतीनं कबूल केलं की ती परत येणार आहे. मला तेवढंच पाहिजे होतं.

घरी आलो तर नजीरा पलंगावर उशीला टेकून बसली होती आणि तानाबाईंशी पुरी वाक्यं बोलत होती. मला बघून म्हणाली, गळा बसवून घेतलासा न्हवं, आता सुंठ घाला चहात.

१०

त्या कार्यक्रमाची चित्रफीत दुसऱ्या दिवशीपासनं फिरायला लागली. जुनं मागं पडलं, लोकांनी हे घेतलं. फौजीला तेच, नवरीला तेच. श्रद्धांजलीलाही तेच. हार घातलेला फोटो, आणि मागं सगळं सभागृह म्हणतंय, येतो. असं एक स्टेटस चुकून दिसलं आणि मी मोबाईल पालथा घातला. पण खरं सांगायचं तर मला तेव्हा दुसऱ्यांच्या मेलेल्यांची पर्वा नव्हती. माझ्या घरात नजीरा चालत होती, तिचं वजन फरशीला लागत होतं. रात्री ती पलंगाच्या मधोमध झोपायची आणि माझ्या अंगावरची चादर ओढून घ्यायची. मी कुलपाची किल्ली फळीवर टाकून दिली.

काल शुक्रवार होता. दुपारची जेवणं झाली. नजीरा गवारीच्या शेंगा मोडत बसली, मी तिच्या शेजारी भिंतीला टेकून डुलक्या काढत होतो. गल्ली शांत होती. खाली तानाबाईंच्या सुपाचा आवाज येत होता.

तो थांबला.

मग जिन्याच्या खालच्या पायरीवर पाऊल वाजलं. वर येणारं. किती दिवसांनी मी ते ऐकत होतो. माणूस दमल्यावर चढतो तसं, एक पायरी, दम घेणं, दुसरी पायरी. माझ्या मनात पहिलं आलं ते हेच की आली बाई एकदाची. मग माझं लक्ष शेजारी गेलं. शेंग मोडलेली हातात धरून नजीरा माझ्याकडंच बघत होती.

पावलं वळणावर आली. त्यांच्या मागं दुसरी पावलं चढायला लागली होती. त्यांच्या मागं आणखी. मला वाटलं आता थांबतील, पण रस्त्याकडनंही ऐकू यायला लागलं, चपला घासत येणाऱ्या, लांबनं, पेठेच्या पार त्या टोकापासनं. आजऱ्याहून, साताऱ्याहून चालत आल्या असतील तर पाय असेच घासत असणार. सगळा जिना वजनानं कुरकुरायला लागला. ढिल्या पायरीवर एकेक जण अडखळत होती.

पहिली आमच्या दारापर्यंत आली आणि थांबली. दाराला कुणीतरी अंग टेकवलं, फळी आत आली थोडी. धाप ऐकू येत होती. मग तिचाच आवाज, चिरका, थकलेला.

"आलो."

तिच्या मागनं जिन्यात कुणीतरी म्हटलं, आलो. तिच्या खालनं, आलो. खाली रस्त्यावरनं, आलो.

मी उठून कडीवर तळहात दाबून उभा राहिलो. नजीरानं शेंगांचं ताट बाजूला सरकवलं, गुडघ्यावर हात टेकून उठली आणि माझ्याजवळ आली. मी तिच्या तोंडाकडं बघितलं. मला वाटलं होतं ती घाबरली असेल. ती अजिबात घाबरली नव्हती. तिनं दाराला कान लावला, पलीकडची धाप थोडा वेळ ऐकली, आणि मला म्हणाली,

"उघडा की. लई दमल्यात त्या."